यंत्राची विस्मृती

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

सायंकाळी नीट बंद केलेला संगणक सकाळी सुरू करावा आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘नो बूटेबल डिव्हाइस’ अशी एकच ओळ उमटावी, हा अनुभव आता वकिलाच्या कचेरीपासून किराणा दुकानापर्यंत कुणालाच नवा राहिलेला नाही. ‘जिच्यावरून कामाला सुरुवात करता येईल अशी वस्तू मला सापडत नाही,’ एवढाच त्या ओळीचा अर्थ. परंतु वाचणारा तिचा अर्थ ‘हार्ड डिस्क गेली’ असा करतो. मग कुणी व्हायरसला बोल लावतो, कुणी घरातल्या धाकट्याला धरतो, आणि दुरुस्तीवाला म्हणतो, ‘फॉर्मॅट मारावा लागेल.’ फॉर्मॅट मारणे म्हणजे पाटी पुसणे. पाटीवर काय लिहिले होते ते विचारण्याची तसदी सहसा कुणी घेत नाही.

वस्तुतः अशा कित्येक प्रसंगी डिस्क ठणठणीत असते. तिच्यावरचे अक्षर अन् अक्षर जागेवर असते. हरवलेली असते ती सुरुवात कोठून करायची हे सांगणारी एक चिठ्ठी. ही चिठ्ठी कुठे ठेवलेली असते, ती कोण लिहितो आणि आपण हातही लावलेला नसताना ती का बदलते, हे समजून घेण्याचा प्रयत्न मी या लेखात करणार आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी; संगणकाशी माझा संबंध मुख्यतः टॅलीपुरता. तेव्हा भाषा जरा हिशेबनिसाची वाटली तर विज्ञान शाखेच्या मित्रांनी सांभाळून घ्यावे.

वीज आली की संगणकातला प्रोसेसर जागा होतो खरा, पण त्या क्षणी त्याला काहीच ठाऊक नसते. काम करताना तो जी स्मृती वापरतो ती वीज जाताच कोरी होते. विंडोज असो वा लिनक्स, ते असते डिस्कवर. पण डिस्क वाचायची कशी हे सांगणारा प्रोग्रॅमही डिस्कवरच असेल तर घोडे अडलेच. पेटीची किल्ली पेटीतच राहावी तसे. इंग्रजीत यावरूनच ‘बूट’ हा शब्द आला. बुटाच्या मागे ओढायला जो पट्टा असतो तो स्वतःच धरून स्वतःला वर उचलायचे, अशी त्यामागची गमतीची कल्पना. हा पेच सोडवण्यासाठी मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम कायमचा बसवलेला असतो. त्याला बायोस म्हणतात. हे नाव १९७० च्या दशकात गॅरी किल्डॉल यांनी आपल्या सीपी/एम या प्रणालीसाठी योजले होते. ती प्रणाली मागे पडली, नाव मात्र टिकले.

बायोस प्रथम घरातली मंडळी जागेवर आहेत का ते पाहतो: स्मृती, कळफलक, पडदा. मग तो डिस्ककडे वळतो. आणि इथे प्रश्न येतो, कोणत्या डिस्ककडे? आजच्या संगणकाला एक नवी चपटी एसएसडी असते, जुनी हार्ड डिस्क असते, कुणाचा तरी पेन ड्राइव्ह लावलेला असतो, आणि कॉलेजसारख्या ठिकाणी नेटवर्कवरूनही सुरुवात करता येते. या सर्वांत पहिला मान कुणाचा, दुसरा कुणाचा, याची एक यादी असते. लग्नपत्रिकेवरच्या नावांच्या क्रमावरून आपल्याकडे केवढी रणे माजतात! संगणकातही क्रमावरूनच सगळे बिघडते, फक्त रुसलेले कोण हे लवकर कळत नाही.

अगदी सुरुवातीला ही यादी विसरण्याचा प्रश्नच नव्हता. आयबीएमचा पहिला पीसी १९८१ साली आला. त्याच्या मदरबोर्डवर छोट्या छोट्या खटक्यांच्या दोन पट्ट्या होत्या. फ्लॉपी किती, स्मृती किती, पडदा कोणत्या जातीचा, हे त्या खटक्यांवर हाताने ठरवायचे. क्रम तर ठरलेलाच: आधी फ्लॉपी, ती नसेल तर चिपमध्येच असलेली बेसिक भाषा सुरू. खटका कुणी बोटाने हलवल्याशिवाय हलणार नाही. पुढे हार्ड डिस्क आली तरी पहिला मान फ्लॉपीचाच राहिला, आणि त्यातून एक वेगळीच आपत्ती ओढवली. १९८६ साली लाहोरमध्ये ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस तयार झाला. तो फ्लॉपीच्या अगदी पहिल्या भागात जाऊन बसे. फ्लॉपी आत विसरून संगणक सुरू केला, की विंडोजच्या किंवा डॉसच्या आधी तोच जागा होई. पडदा काळा दिसला की आजही पहिला संशय व्हायरसवर जातो, त्याचे मूळ मला वाटते या काळात आहे.

खटके कटकटीचे होते. पेटी उघडल्याशिवाय काही बदलता येत नसे. म्हणून १९८४ साली आलेल्या आयबीएमच्या ‘एटी’ या संगणकात त्यांपैकी बहुतेक माहिती एका चिपमध्ये लिहून ठेवायची सोय केली. चिप मोटोरोलाची, मूळ काम घड्याळाचे. तिच्यात एकूण ६४ बाइट स्मृती. १४ बाइट घड्याळ वापरी, उरलेल्या ५० बाइटांत संगणकाची सेटिंगे. पन्नास बाइट म्हणजे पोस्टकार्डावरच्या दोन ओळीही नव्हेत! ही चिप सीमॉस जातीची, म्हणजे अत्यंत कमी विजेवर चालणारी. म्हणून त्या स्मृतीलाच लोक ‘सीमॉस’ म्हणू लागले. पण कमी का होईना, वीज लागतेच. संगणक बंद असताना ती द्यायची कुणी? त्यासाठी बॅटरी आली.

आजच्या मदरबोर्डवर तुम्हाला रुपयाच्या नाण्यासारखा एक चकचकीत सेल दिसेल. त्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. दाब ३ व्होल्ट, साठा साधारण २२० मिलिअँपिअर-तास. घड्याळ आणि ती इवलीशी स्मृती मिळून समजा ५ मायक्रोअँपिअर खातात. भागाकार करून पाहा: ४४ हजार तास, म्हणजे सुमारे पाच वर्षे. पण हा हिशेब रात्रंदिवस सेलच खर्ची पडत असेल तरचा. संगणक बंद असला तरी भिंतीवरचे बटण चालू असेल, तर घड्याळाला वीज बाहेरून मिळते आणि सेल जवळजवळ शाबूत राहतो. बटण बंद केले की मग सेलची मुद्दल खर्चू लागते. आपल्याकडे वळवाच्या पावसात विजा पडतात म्हणून मे महिन्यात प्रयोगशाळेचे मुख्य बटणच खाली ओढलेले असते. दीड महिना सगळी यंत्रे सेलवर. मग जूनमध्ये कॉलेज उघडले की चारपाच संगणक हटकून रुसतात, आणि नव्या मुलांना वाटते की यंत्रेच निकामी आहेत. जुने सेल सुटीत दम तोडतात, इतकेच.

सेल दमला की काय होते? आकडे एकदम पुसले जात नाहीत. त्यांतले काही भलतेच होतात. हे ओळखायला एटीच्या काळापासून एक युक्ती वापरतात. सर्व आकड्यांची बेरीज करून ती शेजारीच लिहून ठेवायची, आणि दर वेळी सुरू होताना पुन्हा बेरीज करून ताडून पाहायची. आम्हा वाणिज्यवाल्यांना हे नवे नाही. ही तेरीजच झाली. तेरीज जमली नाही तर हिशेबनीस रात्रभर बसून चूक शोधतो. बायोस एवढा चिकाटीचा नाही. बेरीज जमत नाही म्हटल्यावर तो सगळी वही टाकून देतो आणि कारखान्यातून आलेला छापील नमुना उघडतो. जुन्या संगणकांवर ‘सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड’ अशी ओळ यावी ती याच वेळी. अर्थात तेरजेत जो दोष तो इथेही: दोन चुका एकमेकींना झाकणाऱ्या असल्या तर बेरीज जमते आणि चूक तशीच राहते. मग यंत्र काहीही न बोलता भलत्या सेटिंगवर चालू लागते.

नव्या यंत्रांत बरीचशी सेटिंगे आता वीज नसतानाही टिकणाऱ्या चिपमध्ये ठेवतात. म्हणून सेल गेला की क्रम गेलाच, असे दर वेळी होत नाही. तरी काही मदरबोर्ड घड्याळाची वीज मध्ये तुटल्याची खूण पाहतात, आणि ती दिसली की खबरदारी म्हणून छापील नमुन्यावर जातात. फळ तेच.

हा छापील नमुनाच खरा घातक. कारण तो कुणा काल्पनिक, सरासरी गिऱ्हाइकासाठी बनवलेला असतो; तुमच्या यंत्रासाठी नव्हे. याचा एक दाखला आमच्याच घरचा आहे. रविवार पेठेत माझ्या मामांचे किराणा मालाचे घाऊक दुकान आहे. दुकान बंद करताना ते मुख्य बटण बंद करतात. आगीच्या भीतीने ही सवय चांगलीच. एके सकाळी संगणक सुरू केला तर निळा पडदा, आणि ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ अशी अक्षरे. तारीख १७, जीएसटीचे ३-बी विवरणपत्र भरायची मुदत २० ची. चार वर्षांचे हिशेब त्याच डिस्कवर, आणि वेगळी काढून ठेवलेली शेवटची प्रत दिवाळीतली. दुरुस्तीवाल्याने पाहिले, दोनदा सुरू करून बघितले, आणि सांगितले की विंडोज खराब झाले, फॉर्मॅट करून नवे टाकू; जुना डेटा मिळेल याची हमी नाही. मामा गप्पच झाले.

माझी मामेबहीण संगणकशास्त्र शिकते. तिने फॉर्मॅट थांबवायला लावले आणि सुरू होतानाची कळ दाबून बायोसचे पान उघडले. पहिली गोष्ट तिला दिसली ती तारीख: कित्येक वर्षांपूर्वीची १ जानेवारी. म्हणजे सेल मेला आणि नमुना उघडला गेला. डिस्कचे नाव यादीत व्यवस्थित होते. म्हणजे डिस्क जिवंत. मग तिने डिस्कशी बोलण्याची पद्धत कोणती निवडली आहे ते पाहिले. तिथे ‘रेड’ असे होते. विंडोज बसवणाऱ्याने मात्र ते बसवताना ‘एएचसीआय’ ही पद्धत निवडली होती. विंडोजला सुरुवातीच्या त्या क्षणी जी पद्धत ठाऊक होती तिच्याऐवजी दुसऱ्याच पद्धतीने डिस्क समोर आली, म्हणून त्याला आपलीच डिस्क ओळखू येईना. तिने पद्धत पूर्ववत केली, तारीख दुरुस्त केली, आणि विंडोज जसेच्या तसे उघडले. चहा-भज्यांच्या पैशांत नवा सेल आला.

यात दुरुस्तीवाल्याने लबाडी केली असे मी म्हणत नाही. गंमत अशी, की फॉर्मॅट मारला असता तर संगणक खरोखरच सुरू झाला असता, कारण नवे विंडोज ‘रेड’ पद्धतीवरच बसले असते! उपाय लागू पडला असता आणि निदान बरोबर होते असे सगळ्यांनाच वाटले असते. चार वर्षांचे हिशेब तेवढे गेले असते. अशी किती दुकानांची पाटी आजवर पुसली गेली असेल, कोण जाणे.

सेलखेरीज दुसरे नित्याचे कारण म्हणजे पेन ड्राइव्ह. जुन्या पद्धतीच्या बायोसमध्ये यादीचे दोन थर असतात. कॉम्पॅक, फिनिक्स आणि इंटेल या कंपन्यांनी १९९६ साली या व्यवस्थेचे नियम लिहून काढले. वरच्या थरात ‘हार्ड डिस्क’, ‘डीव्हीडी’ असे वर्ग, आणि हार्ड डिस्क या वर्गाच्या आत कोणती पहिली, कोणती दुसरी. कित्येक बायोस पेन ड्राइव्हला हार्ड डिस्कच्याच वर्गात बसवतात. पाहुणा घरात शिरला तो थेट पाटावरच बसला! आपण वरच्या थरात पाहतो तर ‘हार्ड डिस्क पहिली’ असेच दिसते. आत कोण पहिला झाला ते दुसऱ्या पानावर. उलटही होते. डिस्कची वायर सैल झाली, एका फेरीत ती दिसली नाही, तर तिचे नाव यादीतून निघते. वायर बसवल्यावर ती परत येते ती शेवटच्या जागी. दुरुस्तीसाठी पेटी उघडली, डिस्क काढून पुन्हा लावली, आणि ‘दुरुस्तीनंतरच बिघडले’ अशी तक्रार येते, ती बहुधा यामुळे.

आणि त्या जुन्या पद्धतीत बायोस डिस्कची परीक्षा तरी किती घेतो? पहिल्या ५१२ बाइटांचा तुकडा उचलतो, त्याचे शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए आहेत का पाहतो, आणि असले तर कारभार त्या तुकड्याच्या हाती सोपवतो. पत्र न वाचता केवळ शिक्का पाहून अर्ज मंजूर करणारा कारकून! विंडोजमध्ये फॉर्मॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर शिक्का असतोच, फक्त सुरू करण्याजोगे काही नसते. तिथला इवलासा प्रोग्रॅम मग ‘डिस्क काढा आणि कुठलीही कळ दाबा’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दाखवून थांबतो. प्रकल्पाचे पान छापून घ्यायला आलेला विद्यार्थी पेन ड्राइव्ह तसाच ठेवून जातो, आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातला संगणक ‘बिघडतो’.

इथपर्यंत विस्मरणाची गोष्ट झाली. गेल्या पंधरावीस वर्षांत मात्र आणखी एक प्रकार आला आहे. आपल्या अंकाच्या कन्नड विभागात लिहिणाऱ्या माझ्या एका मित्राला मी हे समजावून सांगत होतो, तेव्हा तो चटकन म्हणाला, ‘इदु मरेवु अल्ल, तिद्दुपडि.’ हे विसरणे नव्हे, ही दुरुस्ती. कायद्याला जशी दुरुस्ती सुचवतात तशी. त्याच्या एका वाक्यात माझी दोन पाने बसली.

बायोसच्या जागी आता यूईएफआय नावाची व्यवस्था आली आहे. इंटेलने सुरू केलेले हे काम २००५ पासून अनेक कंपन्यांचा एक मंच पाहतो. तिच्यात सुरुवातीची यादी मदरबोर्डच्या टिकाऊ चिपमध्ये असते, आणि यादीत केवळ डिस्कचे नाव नसते. अमुक डिस्कच्या अमुक भागातली अमुक फाइल, असा पूर्ण पत्ता असतो. प्रत्येक पत्त्याला एक क्रमांक, आणि कोणता क्रमांक आधी याची वेगळी नोंद. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे: ही नोंद चालू असलेली विंडोज किंवा लिनक्स प्रणालीही बदलू शकते. पूर्वी तिजोरीची किल्ली एकट्या बायोसकडे होती. आता भाडेकरूंकडेही एकेक किल्ली आहे.

तुम्ही एका यंत्रावर विंडोज आणि उबुंटू दोन्ही ठेवली असतील तर याचा प्रत्यय येतो. उबुंटू बसवताना ती आपले नाव यादीत पहिले लिहिते. पुढे विंडोजची मोठी सुधारित आवृत्ती आली, की विंडोज आपली सुरुवातीची फाइल नव्याने मांडते आणि आपले नाव पुन्हा वर चढवते. दोघांच्याही दृष्टीने त्यात गैर काही नाही. प्रत्येकाला वाटते घर आपलेच. काही कंपन्यांची यंत्रे तर यादीत काहीही लिहिले असले तरी विंडोजचे नाव शोधून तेच आधी उघडतात. मला हे पटत नाही. यादी ठेवायची आणि ती पाळायची नाही, तर ठेवायची कशाला?

याच व्यवस्थेत ‘फक्त पुढच्या एका वेळेसाठी’ अशीही एक नोंद करता येते. ती पाळली की लगेच पुसली जाते. काल यंत्र पेन ड्राइव्हवरून सुरू झाले आणि आज पुन्हा डिस्कवरून, म्हणजे सेटिंग उलटले, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः कायमची यादी कुणी बदललेलीच नसते. याउलट, ज्या फाइलचा पत्ता दिला ती सापडत नसेल, तर कित्येक यंत्रे ती नोंद परस्पर काढून टाकतात. जुनी डिस्क नव्या यंत्रात नेऊन लावली तर तिथल्या चिपमध्ये तिचा पत्ताच नसतो. अशा वेळी यूईएफआय एका ठरावीक ठिकाणी, ठरावीक नावाची फाइल आहे का ते पाहते. ती असली तर निभते. नसली तर पुन्हा तीच ओळ, नो बूटेबल डिव्हाइस.

क्रम न बदलताही दार बंद होऊ शकते, याचे ठळक उदाहरण १३ ऑगस्ट २०२४ रोजी आलेल्या विंडोजच्या सुधारणेचे. सुरुवातीलाच एखादा असुरक्षित प्रोग्रॅम शिरू नये म्हणून ‘सिक्युअर बूट’ नावाची राखण असते. त्या सुधारणेने, जुने म्हणून नाकारायच्या प्रोग्रॅमांबद्दलची नोंद मदरबोर्डच्या चिपमध्ये बदलली. मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्याप्रमाणे ही नोंद विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या यंत्रांवर लागू व्हायची नव्हती. पण काही यंत्रे अशी आहेत हे तिला ओळखू आले नाही. परिणामी कित्येकांचे लिनक्स ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ म्हणून थांबले. यादी तीच, डिस्क तीच, फाइलही तीच. द्वारपालाच्या हातातला कागद तेवढा बदलला.

आणखी एक कारण आपल्या भागापुरते सांगण्याजोगे. यंत्र सुरू होता होता वीज गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली, असे पावसाळ्यात नित्याचे. काही मदरबोर्ड अशा अर्धवट सुरुवाती मोजतात. तीनचार वेळा सुरुवात पुरी झाली नाही तर ‘माझ्या सेटिंगातच काही चुकले असावे’ असा तर्क करून ते छापील नमुना उघडतात. स्मृतीचा वेग वाढवून ठेवलेल्या, खेळांसाठी सजवलेल्या यंत्रांत हे विशेष घडते. तर्क चुकीचा नाही. फक्त दोष सेटिंगाचा नव्हे, तारेवर पडलेल्या फांदीचा, हे त्याला कळायला मार्ग नाही. बायोसची नवी आवृत्ती टाकली तरीही बहुधा जुनी सेटिंगे जातात. पण ते निदान आपल्या डोळ्यांदेखत होते.

या सर्वांत मला सर्वांत खटकते ते यंत्राचे मौन. रोजकीर्दीत नोंद नाही आणि खतावणीत रक्कम बदललेली, असा हिशेब कुठलाही तपासनीस मान्य करणार नाही. ‘अमुक तारखेला बेरीज जमली नाही, म्हणून मी कारखान्याची सेटिंगे लावली; पूर्वी पहिली डिस्क अमुक होती,’ एवढे एक वाक्य लिहून ठेवायला आजच्या चिपमध्ये जागेची टंचाई खासच नाही. पन्नास बाइटांचे दिवस केव्हाच गेले. काही महागड्या सर्व्हर यंत्रांत अशी नोंदवही असते म्हणे. मग मामांच्या दुकानातल्या यंत्राला ती का नसावी?

तोवर नोंद आपणच ठेवावी हे बरे. यंत्र नीट चालू आहे अशा एखाद्या निवांत दिवशी बायोसची पाने उघडून प्रत्येक पानाचे मोबाइलवर छायाचित्र काढावे: क्रम, डिस्कची पद्धत, सिक्युअर बूट चालू की बंद. काही न बदलता बाहेर पडावे. पुढे अडचण आली तर आधी घड्याळ पाहावे. घड्याळ मागे गेले असेल तर संशयित बहुधा सेलच. सेलच्या दोषाचे एक फसवे रूपही लक्षात असू द्यावे. यंत्र सुरू होते, पण बँकेचे किंवा जीएसटीचे संकेतस्थळ उघडत नाही, प्रमाणपत्र ग्राह्य नाही म्हणते. संकेतस्थळाचे प्रमाणपत्र ठरावीक तारखांच्या दरम्यानच खरे असते, आणि आपले यंत्र चुकून भलत्याच वर्षात वावरत असते. घड्याळ बरोबर असेल तर पेन ड्राइव्ह, डीव्हीडी काढून पाहावे. त्यानंतर डिस्कचे नाव बायोसच्या पानावर दिसते का ते पाहावे. दिसत असेल तर फॉर्मॅटला सध्या हात जोडून नको म्हणावे. मुळीच दिसत नसेल तर मात्र वायर सैल आहे किंवा डिस्क खरोखर गेली आहे, आणि तिथे या लेखातले ज्ञान कामाचे नाही. तिथे जाणत्याकडेच जावे.

एक सावधगिरी. विंडोजच्या पुष्कळ नव्या यंत्रांवर डिस्कचा मजकूर कुलूपबंद केलेला असतो, आणि कधी कधी मालकाला त्याचा पत्ताही नसतो. या कुलपाची किल्ली सुरुवातीच्या सेटिंगांशी बांधलेली असते. म्हणून बायोसमध्ये काही बदलले, किंवा ते आपोआप बदलले, तर यंत्र ४८ आकड्यांची एक संख्या मागते. ती संख्या बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर जमा असते, आणि दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून ती पाहता येते. खाते कुणाच्या नावाने उघडले होते, त्याचा सांकेतिक शब्द काय, हे दुकानदाराला किंवा पुतण्याला विचारून आधीच लिहून ठेवलेले बरे. कारण ती संख्या सापडली नाही तर डिस्क धडधाकट असून, क्रम बरोबर असून, आणि मामेबहीण हुशार असूनही काही चालत नाही.

लॅपटॉपवाल्यांसाठी दोन शब्द. कित्येक लॅपटॉपांत सेल असतो तो वायर जोडून आत कुठेतरी दडवलेला. नव्या काहींत तर वेगळा सेलच नसतो, घड्याळ मोठ्या बॅटरीवर चालते. असा लॅपटॉप पूर्ण उतरलेल्या स्थितीत परीक्षेच्या काळात दोन महिने कपाटात ठेवला, तर काढल्यावर तारीख विचारील. तेव्हा कपाटात ठेवण्याआधी निम्मी तरी बॅटरी भरून ठेवावी. प्रयोगशाळेतल्या संगणकांपुरती सूचना अशी, की सेल बदलला की कागदाच्या तुकड्यावर तारीख लिहून ती पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवावी. पुढच्या पाच वर्षांनी पेटी उघडणारा विद्यार्थी दुसराच कुणी असेल.